मंद्र सप्तकाचा मध्यस्थ

संगीताचा इतिहास बहुधा पुढे बसणाऱ्यांचा इतिहास असतो. गायकांची आणि मुख्य वादकांची चरित्रे लिहिली जातात. मागे उभे राहून स्वरांचा पाया धरणाऱ्यांची दखल क्वचितच घेतली जाते. डबल बास ह्या वाद्याचे स्थान असेच मागचे आहे. सुमारे सहा फूट उंचीचे, वादकाने उभे राहून अगर उंच स्टुलावर टेकून वाजवावयाचे हे वाद्य पाश्चात्त्य संगीताचा तळ सांभाळते. ते वाजत असता त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ते थांबले म्हणजे मात्र सारे संगीत पोकळ झाल्यासारखे वाटते.

हा मंद्र स्वर भरल्या सभागृहात शेवटच्या बाकापर्यंत कसा पोहोचवावा, हा प्रश्न वादकांना आणि कारागिरांना गेली शंभर वर्षे सतावीत आला आहे. त्यांनी शोधलेल्या उत्तरांत प्रीअ‍ॅम्प नावाच्या एका लहानशा पेटीला मोठे महत्त्व आहे. वाद्यावर बसविलेल्या पिकअपमधून निघणारा अतिशय क्षीण विद्युत् संकेत सांभाळून घेऊन तो मोठ्या ध्वनिवर्धकाच्या स्वाधीन करणे, हे तिचे काम. बाजारात अशा पेट्या पुष्कळ मिळतात, आणि कोणती घ्यावी ह्या विवंचनेत अनेक वादक पडतात. ही पेटी मुळात का जन्मास आली हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती नीट निवडता येते, असे आमचे मत आहे. म्हणून प्रथम तिचा इतिहास पाहू.

संख्येचे बळ आणि एकट्याची अडचण

डबल बासच्या चार तारांपैकी सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. एवढ्या मंद कंपनाची हवेतील तरंगलांबी आठ मीटरहून अधिक भरते. वाद्याचे पोट कितीही मोठे दिसले तरी ह्या लांबीपुढे ते लहानच. त्यामुळे सर्वांत खालचा मूळ स्वर ते हवेत पुरेशा जोराने ढकलू शकत नाही. आपल्याला जो भारदस्त स्वर ऐकू येतो, तो पुष्कळसा त्याच्या वरच्या उपस्वरांवरून आपल्या कानाने जुळवून घेतलेला असतो. ही ह्या वाद्याची जन्मजात मर्यादा होय.

युरोपातील वाद्यवृंदांनी हा प्रश्न संख्येने सोडविला. एका वाद्याचा आवाज पुरत नसेल तर सहा किंवा आठ वाद्ये एकत्र वाजवावीत, असा तो सरळ मार्ग होता. एकट्याने हे वाद्य गाजविणारे पुरुष विरळाच. व्हेनिसच्या संत मार्कच्या महामंदिरातील वाद्यवृंदात वाजविलेले आणि पुढे लंडनमध्ये कीर्ती मिळविलेले दोमेनिको द्रागोनेत्ती (१७६३–१८४६) हे त्यांपैकी एक. दुसरे जोव्हान्नी बोत्तेसिनी (१८२१–१८८९). १८७१ साली कैरो येथे वेर्दीच्या ‘आयदा’ ह्या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन त्यांनीच केले होते.

आपल्या लोकांनाही हे वाद्य अगदीच परके नाही. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘रबेकाँव’ म्हणतात, आणि गोव्याच्या चर्चमध्ये उपवासकाळातील मोतेत गाताना व्हायोलिन व क्लॅरिनेट यांच्या जोडीला त्याची साथ असे. दगडी भिंती, उंच छत, बेताचा गायकवृंद आणि शांत श्रोते असल्यावर एकटा बासही पुरे पडतो. अडचण निर्माण झाली ती वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या संगीतात.

ते संगीत म्हणजे जॅझ. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात कृष्णवर्णीय वादकांनी ते घडविले. तेथे कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट आणि ड्रम यांच्या गदारोळात बास वाजविणारा एकच असे. पॉप्स फॉस्टर यांच्यासारखे वादक तार बोटाने ओढून वाद्याच्या पट्टीवर आपटीत, म्हणजे निदान त्या टणत्काराने ताल तरी ऐकू जाई. त्या काळच्या तारा आतड्याच्या, म्हणजे तातीच्या असत. दिवसचे दिवस असे वाजवून बोटे सोलून निघत. ऐकू येण्यासाठी वादकाने अधिक कष्ट करावेत, हे झाले पहिले उत्तर.

ध्वनिमुद्रणाच्या यंत्रालाही हा स्वर पेलत नव्हता. १९१७ साली जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, ती काढणाऱ्या पाच जणांच्या वृंदात बास नव्हताच. त्या काळी वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर बसत आणि आवाजाच्या धक्क्यानेच तबकडीवर रेषा कोरली जाई. पुष्कळदा बासला बाजूला सारून त्याच्या जागी ट्यूबा हे पितळी वाद्य घेत. १९२५ साली मायक्रोफोन वापरून विद्युत् पद्धतीने मुद्रण करण्यास आरंभ झाला, आणि मंद्र स्वरांना प्रथमच न्याय मिळू लागला. मायक्रोफोनने काय साधू शकते ह्याची साक्ष पाहावयाची असेल, तर ड्यूक एलिंग्टन यांच्या वृंदात १९३९ ते १९४१ ह्या अवघ्या दोन वर्षांत जिमी ब्लँटन यांनी केलेले वादन ऐकावे. बास हे केवळ ठोके देणारे वाद्य नसून तेही बोलू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. १९४२ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले.

खुंटीतला मायक्रोफोन

मुद्रणगृहात बासला वाचा फुटली, परंतु नृत्यगृहांत तो मुकाच राहिला. समोर मायक्रोफोन उभा केला तर त्यात शेजारचे ड्रम आणि ट्रंपेट आधी शिरत. ह्यावर न्यूयॉर्कच्या परिसरातील एव्हरेट हल नावाच्या वादकाने १९४६ मध्ये एक युक्ती काढली. डबल बास जमिनीवर ज्या खालच्या खुंटीवर उभा राहतो, तिच्या द्वारे त्यांनी मायक्रोफोन थेट वाद्याच्या पोटात नेला. इंग्रजीत खुंटीला ‘पेग’ म्हणतात. ध्वनिवर्धित पेग म्हणून ‘अ‍ॅम्पेग’ हे नाव जन्मास आले, आणि पुढे तेच त्यांच्या कंपनीचे नाव झाले. स्वच्छ, न फाटणारा आवाज हा हल यांचा ध्यास होता. मुद्दाम फाटका आवाज काढणारे रॉक संगीत त्यांना रुचत नसे. त्याच कंपनीने १९६९ साली ३०० वॅटचा प्रचंड अ‍ॅम्प्लिफायर काढून रॉकच्या रंगमंचांना पुरविला, ही इतिहासाची एक गंमत. मात्र तोवर कंपनी हल यांच्या हातून गेली होती.

खुंटीतल्या मायक्रोफोनमध्ये एक दोष होता. मायक्रोफोन हवेतील आवाज ऐकतो. स्पीकरमधून बाहेर पडलेला स्वर पुन्हा वाद्याच्या पोटात शिरला की मायक्रोफोन तो परत उचलतो, परत वाढवितो, आणि क्षणार्धात सभागृहभर न थांबणारा हुंकार भरतो. आपल्या सभामंडपांतून माइकची जी शिट्टी ऐकू येते, तिचाच हा खर्जातला भाऊ.

दुसरीकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ह्या सगळ्या प्रश्नाला बगलच दिली. त्यांनी गिटारसारखा गळ्यात अडकविता येणारा, भरीव लाकडाचा, पोलादी तारांचा ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला. तारांखालच्या चुंबकीय पिकअपला हवेतला आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यामुळे हुंकाराची भीती अगदी कमी. वाद्य हलके, मोटारीत मावणारे. पट्टीवर पडदे असल्यामुळे सुरात वाजविण्यास सोपे. लायोनेल हॅम्प्टन यांच्या वृंदात मंक माँटगोमेरी ते वाजवू लागले, आणि पाहता पाहता लोकप्रिय संगीतातून डबल बासची उचलबांगडी झाली. ऐकू येण्यासाठी वाद्यच बदलावे, हे दुसरे उत्तर. ते सोयीचे होते ह्यात शंका नाही. पण बोट सुटताच पोकळ लाकडाच्या श्वासातून उमलणारा आणि हळूच मावळणारा स्वर त्यात नव्हता.

ह्या वाऱ्यापासून मुंबईही दूर नव्हती. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वृंद ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला, आणि गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेल्या आपल्या वादकांनी जॅझ आत्मसात केले. ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ आणि त्यांचे अनेक समकालीन हॉटेलांतील वृंदांतून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. तेथेही कालांतराने विजेच्या बास गिटारने आपली जागा पक्की केली.

क्यूरी बंधूंचा स्फटिक

डबल बास संपला नाही, कारण काही वादकांनी तो सोडण्यास नकार दिला. त्यांच्या मदतीस आला तो एक जुना शोध. १८८० साली पॅरिसमध्ये पिएर क्यूरी आणि त्यांचे बंधू जाक यांनी दाखवून दिले होते की, क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत् भार प्रकट होतो. हाच दाबविद्युत् परिणाम. १९६०च्या दशकात बार्कस-बेरीसारख्या अमेरिकी उत्पादकांनी त्याचा उपयोग वाद्यांसाठी केला. तंबोऱ्याला असते तशीच डबल बासलाही लाकडी घोडी असते. तिच्यात किंवा तिच्या पायाखाली असा एक लहानसा तुकडा बसविला की लाकडाच्या कंपनाचे सरळ विजेत रूपांतर होते. चुंबकीय पिकअपला पोलादी तार लागते. स्फटिकाला तार तातीची असो वा पोलादाची, फरक पडत नाही. हवेतल्या आवाजाकडेही तो मायक्रोफोनइतके लक्ष देत नाही. याच सुमारास पोलादी तारांचा प्रसार झाल्याने वादकांच्या बोटांचे कष्टही उणावले. अखेर प्रश्न सुटला, असे सर्वांस वाटले.

प्रत्यक्षात १९७०च्या दशकातील पुष्कळ ध्वनिमुद्रिकांत आणि मैफलींत ऐकू आला तो कोरडा, नाकातून निघाल्यासारखा, रबर ताणून सोडावे तसा बास. लाकूड नाहीसे झाले होते. रसिक हळहळले. काही तरुण कलावंतांनी तर पिकअपवरच बहिष्कार घातला. निर्माते डेल्फीयो मार्सालिस यांनी आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या टिपणांतून, बासचा लाकडी नाद मिळावा म्हणून तो थेट विजेच्या मार्गाने मुद्रित केलेला नाही, असे आवर्जून नोंदविले. मुद्रणगृहात हे शक्य होते. गजबजलेल्या रंगमंचावर मात्र पिकअपवाचून निभाव लागणे कठीण होते.

ओंजळीतले पाणी

दोष सगळा स्फटिकाचा नव्हता. त्याचा बराचसा वाटा, स्फटिक ज्या यंत्रात जोडला जाई त्या यंत्राचा होता. हा मुद्दा ह्या लेखाचे मर्म असल्याने थोडे थांबून तो समजून घेऊ.

स्फटिकापासून मिळणारा विद्युत् भार अगदी अल्प, ओंजळीतल्या पाण्याइतका असतो. ओंजळीतले पाणी घेऊन झपझप गेल्यास ते बरेचसे पोहोचते. रेंगाळत गेल्यास वाटेतच गळून जाते. तार सप्तकातील कंपने झपझप चालणारी, मंद्र सप्तकातील रेंगाळणारी. बोटांच्या फटी जेवढ्या मोठ्या, तेवढी खालच्या स्वरांची गळती अधिक. ह्या फटी म्हणजे ध्वनिवर्धकाच्या प्रवेशद्वाराचा विद्युत् रोध, ज्याला तंत्रज्ञ इनपुट इम्पीडन्स म्हणतात. हा रोध जितका मोठा, तितक्या फटी लहान.

आकड्यांत सांगावयाचे तर, १ नॅनोफॅरड धारितेचा पिकअप १० किलोओहमच्या साध्या लाइन इनपुटला जोडला, तर जवळजवळ १६,००० हर्ट्झच्या खालचे सारे क्षीण होत जाते. म्हणजे हाती केवळ खरखर उरते. तोच पिकअप १ मेगओहमच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडला तर ही सीमा १५९ हर्ट्झवर येते. हे पुरेसे वाटेल; पण डबल बासच्या चारही मोकळ्या तारा, म्हणजे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झचे स्वर, ह्या सीमेच्या खालीच राहतात. सर्वांत खालच्या स्वराचा तर जेमतेम चौथा हिस्सा पलीकडे पोहोचतो. मूळ स्वर गळाला आणि वरचे उपस्वर शिल्लक राहिले की आवाज नाकातला वाटणारच. रोध १० मेगओहम केला, म्हणजे सीमा १६ हर्ट्झवर उतरते आणि संपूर्ण वाद्य पलीकडे पोहोचते.

डबल बाससाठी प्रीअ‍ॅम्प आवश्यक ठरला तो ह्यामुळे. १९७०च्या दशकात फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि एवढ्या मोठ्या रोधाचे प्रवेशद्वार बॅटरीवर चालणाऱ्या लहान पेटीत बसविता येऊ लागले. १९८१ साली लॅरी फिशमन यांनी स्थापन केलेल्या कंपनीसारख्या उत्पादकांनी पिकअप आणि प्रीअ‍ॅम्प यांचा एकत्र विचार करण्याची प्रथा पाडली. पहिल्या उत्तराने वादकाला बदलावयास लावले, दुसऱ्याने वाद्याला. ह्या तिसऱ्या उत्तराने ऐकणाऱ्या यंत्राला बदलावयास लावले. एका मंद बोलणाऱ्या माणसाला मोठ्याने ओरडण्यास सांगण्याऐवजी, आपणच कान देऊन ऐकावे, तसे हे झाले.

निवड कशी करावी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वरील इतिहासातूनच निवडीचा क्रम निघतो : आधी गळती थांबविणे, मग नको ते वगळणे, आणि सर्वांत शेवटी हवे ते वाढविणे. दुकानातील जाहिराती बहुधा उलट क्रमाने बोलतात.

पहिली चौकशी इनपुट इम्पीडन्सची. आपला पिकअप स्फटिकाचा असेल तर ती १० मेगओहम असलेली चांगली. एल. आर. बॅग्ज कंपनीच्या पॅरा डीआय ह्या पेटीत ती तेवढी असते. रेडियल कंपनीच्या पीझेड-डीआय मध्ये २२० किलोओहम, १ मेगओहम आणि १० मेगओहम असे तीन पर्याय कळ सरकवून निवडता येतात. सर्व पिकअप सारखे नसतात. ज्याची धारिता ४ नॅनोफॅरडच्या आसपास आहे, त्याला १ मेगओहमही भागते, कारण तेथे सीमा ४० हर्ट्झवर येते. म्हणून पिकअपचे माहितीपत्रक आधी वाचावे आणि मग पेटीचे. पिकअपपासून पेटीपर्यंतची केबल आखूड ठेवावी. तिच्या लांबीबरोबर संकेत क्षीण होतो.

दुसरी चौकशी हाय-पास फिल्टरची, म्हणजे एका सीमेखालचे स्वर वगळणाऱ्या चाळणीची. मंद्र वाद्याला खालचे स्वर वगळणारी चाळणी कशाला, असे कोणी विचारील. परंतु ४१ हर्ट्झच्या खाली बासचा कोणताही स्वर नाही. तेथे असतात ती रंगमंचावरील पावले, वाद्याला लागलेले धक्के आणि स्पीकरचे हादरे. ते वाढविण्यात अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती वाया जाते आणि हुंकाराला आमंत्रण मिळते. चाळणीची सीमा फिरत्या बटणाने बदलता येत असेल तर उत्तम, कारण दणदणीत सभागृहात ती वर न्यावी लागते.

तिसरी चौकशी हुंकारावरील उपायांची. पोलॅरिटी उलटविणारी कळ ही अगदी स्वस्त आणि फार गुणकारी सोय. स्पीकरचा धक्का आणि वाद्याच्या पोटाचे कंपन एकमेकांना साथ देऊ लागले की हुंकार उठतो. कळ फिरविली की पुष्कळदा ती साथ तुटते. एखादाच स्वर वारंवार घुमत असेल तर तेवढाच कापणारा नॉच फिल्टर असावा.

चौथी गोष्ट मायक्रोफोनची जोड देण्याची. शांत मैफलीत पिकअपच्या स्थिरपणाला मायक्रोफोनचा लाकडी श्वास जोडता येतो. त्यासाठी दोन प्रवेशद्वारांची पेटी लागते. ग्रेस डिझाइनची फेलिक्स ही तशी आहे. मात्र ३० सेंटिमीटर दूर ठेवलेल्या मायक्रोफोनपर्यंत स्वर जवळजवळ एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि हे दोन आवाज एकमेकांना खाऊ शकतात. पोलॅरिटीची कळ दोन्ही बाजूंनी फिरवून जी बाजू भरीव वाटेल ती ठेवावी.

पाचवी बाब बाहेर जाणाऱ्या तारेची. ध्वनिसंयोजकाच्या मिक्सरकडे लांब केबल न्यावयाची असल्यास पेटीला बॅलन्स्ड डीआय आउटपुट हवे, म्हणजे वाटेत गुणगुण शिरत नाही. काही पेट्या मिक्सरकडून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालतात, काहींना बॅटरीच लागते. हे आधीच विचारून घ्यावे.

एवढे झाल्यावर स्वर गोड वा तीव्र करणारी बटणे पाहावीत. ज्याची गळती थांबली आहे आणि हुंकार आवरला आहे, त्याला ती फारशी फिरवावी लागत नाहीत. परीक्षा नेहमी प्रत्यक्ष सभागृहात, प्रत्यक्ष वृंदाबरोबर घ्यावी. दुसऱ्याला बास वाजविण्यास सांगून स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन ऐकावे. वादकाच्या कानाशी असणारा आवाज आणि श्रोत्याला मिळणारा आवाज ह्यांत महदंतर असते. आणि खोली लहान, श्रोते शांत, साथीदार संयमी असतील, तर पेटी पिशवीतच ठेवून वाजवावे. गोव्याच्या चर्चमधील रबेकाँवला तिची गरज कधी भासली नाही.

शंभर वर्षांच्या ह्या खटाटोपातून आम्हास एक गोष्ट स्पष्ट दिसते. आवाज मोठा करणे अवघड नव्हते. ते १९४६ सालीच साधले होते. अवघड होते ते मोठा करताना तो त्याच वाद्याचा ठेवणे. ज्या पेटीतून ऐकल्यावर श्रोत्याला पेटी आठवत नाही, लाकूड आणि तार आठवते, ती पेटी योग्य समजावी, मग तिची किंमत कमी असो वा अधिक.